चालू ठेवा

लाँड्रीत धाकटीसारखी घडी कुणाची बसत नसे. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी तिथे ढिगाने यायच्या. धुऊन, पिळून, गरम रोलरखालून निघाल्या की दोन बाया समोरासमोर उभ्या राहून त्यांच्या घड्या घालत. कोपरे धरायचे, एक झटका द्यायचा, एकमेकींकडे चालत यायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा, खाली लोंबणारी दुमड उचलायची आणि पुन्हा मागे सरायचं. धाकटीची जोडीदारीण ताडमाड उंच होती. तिला सगळे शिडी म्हणत आणि तीही त्याला ओ देई. धाकटी जेमतेम तिच्या खांद्याला लागायची. "हिच्याबरोबर घडी घालायची म्हणजे रोज विहिरीतनं पाणी काढल्यासारखं वाकावं लागतं," शिडी कुरकुरायची, पण दुसरी जोडीदारीण दिली तर रुसून बसायची.

रोलरवर उभं राहिलं की पगार जरा जास्त मिळे. धाकटीने तो कधी मागितला नाही. का मागितला नाही हे फक्त शिडीला माहीत होतं.

धाकटी हे नाव माहेरचं. शाळेत असताना, जिना उतरता उतरता तिला पहिली फिट आली. डोळे उघडले तेव्हा आजूबाजूला मुलींचे नुसते पाय दिसत होते आणि तोंडात रक्ताची चव होती. घरी आल्यावर आईने बजावलं, "चक्कर आली म्हणायचं. कुणी विचारलं तरी चक्कर." पुढे चकरा वाढल्या. एकदा चुलीवरच्या भांड्यावर पडून हात भाजला, एकदा भर बाजारात कपडे ओले झाले. आईने तिला एकटीला दुकानात पाठवणं बंद केलं, मग मैत्रिणींकडे, मग कुठेच नाही.

शेवटी कुणीतरी मेंदूच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. पांढऱ्या मिशांचे, शांत गृहस्थ. त्यांनी दोन औषधं करून पाहिली, तिसरी गोळी लागू पडली. अशी लागू पडली की फिट हा प्रकारच आयुष्यातून उठून गेला. धाकटी पुन्हा शाळेत गेली, पुढे नोकरीला लागली, एकटी बसने फिरू लागली. दर काही महिन्यांनी ती त्यांच्याकडे जाई. बाहेर तासन् तास बसायचं आणि आत मिनिटभर.

"फिट आली?"

"नाही."

"छान. चालू ठेवा."

एवढंच बोलणं. पण त्या माणसाने आपल्याला आपला देह परत दिला असं तिला वाटे. कुणी त्यांच्याविषयी वाकडं बोललं तर ती अंगावर धावून जाई.

नवरा तिला लाँड्रीतच भेटला. धुलाईच्या बाजूची फरशी उखडली होती, ती बसवायला तो आला होता. बसवलेली प्रत्येक फरशी हातोडीच्या दांड्याने ठोकून, कान देऊन ऐकायचा. पोकळ वाजली की बोलाचाली नाही, उपटून पुन्हा. काम संपत आलं तसा तो उगाचच ठोकत बसू लागला. शिडी म्हणाली, "फरशी नाही, तू पोकळ आहेस का बघतोय." धाकटीने मग आईला विचारलं नाही की बहिणीला सांगितलं नाही. चहाच्या वेळी पायरीवर त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि सरळ म्हणाली, "मला फिट येतात. म्हणजे यायच्या. गोळी चालू आहे. जन्मभर घ्यावी लागेल."

तो चहा फुंकत राहिला. मग म्हणाला, "माझ्या बापाला दमा होता, काकाला दारू होती, आणि मला सकाळी उठवत नाही. आता कुणाचं मोठं ते तूच ठरव."

लग्नानंतर गोळीचं खातं त्याने आपल्याकडे घेतलं. रात्रीचं जेवण झालं की एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या तळहातावर गोळी. "घ्या सरकार." ती हसायची, गिळायची. बाहेरगावी कामाला गेला तर फोन करायचा, "घेतलीस का?" सासू त्यांच्याकडेच राहायची. ती म्हणायची, "माझ्या नवऱ्याने मला साधा पंखा कधी लावून दिला नाही, आणि हा बघा." तक्रारीच्या सुरात म्हणायची, पण ऐकणाऱ्याला कळायचं की तिला मुलाचा अभिमान आहे.

दिवस गेले तेव्हा धाकटी आधी मेंदूच्या डॉक्टरांकडे गेली. आनंदाने सांगितलं. त्यांनी मान वर करून पाहिलं, हसले. "अभिनंदन. फिट आली?" "नाही." "मग चालू ठेवा." बाळंतपणाच्या दवाखान्यात सिस्टरने विचारलं, काही औषधं चालू आहेत का. धाकटीने गोळीची पट्टी पुढे केली. डॉक्टरीणबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली. "ही मनाने बंद करू नका हं. फिट आली तर बाळाला धोका. त्या डॉक्टरांना विचारलंय ना?"

"हो, परवाच. चालू ठेवा म्हणाले."

"मग झालं तर."

फिट बाळाला घातक आणि मनाने गोळी सोडणं त्याहून घातक, हे दोन्ही खरंच होतं. फक्त याच्या पुढचं वाक्य कुणी बोललं नाही. डॉक्टरीणबाई समजल्या की मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं असेल, ते समजले की बाईंनी. आणि धाकटीला पुढे काही वाक्य आहे हेच माहीत नव्हतं. तिने जिवापाड नेम पाळला. सुरुवातीच्या महिन्यांत उलट्यांनी ती बेजार व्हायची. उलटीत गोळी पडली तर ती धापा टाकत बसायची, चूळ भरायची आणि दुसरी गोळी घ्यायची. नवरा पाठीवरून हात फिरवत म्हणायचा, "शाबास."

मुलगी झाली. छोटीशी, रुंद कपाळाची, वरचा ओठ पेन्सिलीने रेघ मारल्यासारखा बारीक. पायाची दोन बोटं एकमेकांवर चढलेली. "कपाळ मोठं म्हणजे नशीब मोठं," सासू म्हणाली. बापाने पहिल्याच दिवशी तिला मैना म्हणायला सुरुवात केली. "बघा, घर डोक्यावर घेईल बोलून बोलून."

मैना बोलली नाही. बसलीही उशिरा, चाललीही उशिरा. शेजारपाजारचे म्हणत, एखादं मूल असतं निवांत. सासू म्हणे, हिचा बापही मठ्ठच होता. हाक मारली तरी मैना वळून बघत नसे. कानाची तपासणी झाली, कान ठणठणीत होते. बाप फरशांच्या फटीत ठेवायचे प्लॅस्टिकचे छोटे फुलीसारखे तुकडे घरी आणी. मैना ते एकामागोमाग एक ओळीत लावी, दारापासून भिंतीपर्यंत. एखादा कुणी हलवला तर डोकं भिंतीवर आपटून घेई. शाळेने प्रवेश नाकारला तेव्हा ती दोघं तिला घेऊन मुलांच्या मोठ्या हॉस्पिटलात गेली.

तिथली डॉक्टर तरुण होती. मैनाला तिने जमिनीवर बसवून बराच वेळ खेळू दिलं, स्वतःही खाली बसली. तिचा चेहरा नीट पाहिला, पायाची बोटं पाहिली. मग उठून खुर्चीत बसली आणि धाकटीला म्हणाली, "गरोदरपणात तुम्हाला कुठलं औषध चालू होतं का?"

"फिटची गोळी," धाकटी म्हणाली. "पण मी एकही गोळी चुकवली नाही, डॉक्टर. एकही."

"मी स्वतः देतो तिला," नवरा म्हणाला. "आजवर खाडा नाही."

दोघं शाळेत बक्षीस घ्यायला उभी राहिल्यासारखी तिच्याकडे पाहत होती. डॉक्टरने गोळीचं नाव विचारलं. नाव ऐकल्यावर तिने हातातलं पेन खाली ठेवलं.

तिने सांगितलं ते हळू आणि सोप्या शब्दांत सांगितलं. फिटच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. ही गोळी फिटवर उत्तम, पण पोटातल्या बाळासाठी त्यातली सगळ्यांत वाईट. आई ही घेत असली तर दहातल्या तीन-चार मुलांची वाढ अशी मागे पडते, काहींच्या शरीरातही दोष राहतात. मैनाचं याच्यामुळेच झालं असं शपथेवर सांगता येणार नाही, पण सगळी चिन्हं तीच आहेत. "दुसऱ्या गोळ्या आहेत. बऱ्याच सुरक्षित. मूल हवं असं ठरल्यावर, दिवस जाण्याच्या आधीच बदलायला हवी होती. तुम्हाला कुणी बोललं नाही?"

नवरा म्हणाला, "चालू ठेवा म्हणाले."

"आणि हे नीट ऐका," डॉक्टर म्हणाली. "आज घरी जाऊन गोळी बंद करायची नाही. एकदम बंद केली तर जिवावर बेतेल. मी तुम्हाला इथल्या मेंदूच्या विभागात पाठवते. ते बदलून देतील."

परत येताना बसमध्ये दोघं शेजारी बसली होती. मैना बापाच्या मांडीवर खिडकीची काच चाटत होती. कुणी तिला आवरलं नाही. घरी आल्यावर सासूला सांगावंच लागलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "म्हणजे इतके दिवस आपण पोरीला विषच पाजत होतो म्हणायचं." तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. आलं तोंडात, बोलून गेली. पण नवरा ताटावरून उठला तो परत बसला नाही. त्या रात्री त्याने गोळी आणून दिली, पण तळहातावरून नाही. ताटलीत ठेवली आणि ताटली तिच्याकडे सरकवली.

मेंदूच्या विभागात तारीख मिळायला वेळ लागला. तेवढ्यात धाकटीच्या लक्षात आलं की पाळी चुकली आहे. दोघांनी दुसऱ्या मुलाचा विचारही केला नव्हता. चाचणीची पट्टी हातात धरून ती मोरीत बसून राहिली. बाहेर मैना दाराला डोकं टेकवून एकाच सुरात हुं-हुं करत होती.

तारखेला दोघं गेली. तिथली मेंदूची डॉक्टरही भली होती. तिने नवी फिटची गोळी लिहून दिली, सोबत बाळाच्या वाढीसाठी फॉलिक अॅसिडची. नवी कशी हळूहळू वाढवायची, जुनी कशी उतरवत आणायची, ते नवऱ्याला दोनदा समजावलं. धाकटीने विचारलं, "या नव्या गोळीने बाळाला काही होणार नाही ना?"

"ही त्या मानाने पुष्कळच सुरक्षित आहे."

"पण काही होणारच नाही, असं?"

डॉक्टर खरं बोलणारी होती. "शंभर टक्के असं कुणालाच सांगता येत नाही. कसलीच गोळी न घेणाऱ्या बाईलाही नाही. पण तुम्ही औषध सोडण्यात जो धोका आहे तो याच्यापेक्षा खूप मोठा आहे."

नवऱ्याने ते सगळं ऐकलं. धाकटीने ऐकलं ते एवढंच, की शंभर टक्के नाही. ज्यांच्यावर तिने देवासारखा विश्वास ठेवला होता तेही असंच शांतपणे, असंच हसून बोलायचे. खुर्ची तशीच, टेबल तसंच, पेनही तसंच. आता या बाईंवर विश्वास कुठल्या तोंडाने ठेवायचा? दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून प्यावं म्हणतात. धाकटीने ताक फेकूनच दिलं.

नवरा रात्री जेवणानंतर गोळ्या काढून द्यायचा. ती तोंडात टाकायची, जिभेखाली धरायची, पाणी प्यायची. मग भांडी घासायला मोरीत जायची आणि थुंकायची. पहिले काही दिवस ती सतत भीत होती. रस्त्याच्या कडेने चालायची, पाणी तापवायला सासूला सांगायची. काही झालं नाही. आठवडे गेले, महिना गेला, काही नाही. हळूहळू भीतीच्या जागी काहीतरी वेगळंच आलं. पोटावर हात ठेवून ती मनातल्या मनात म्हणायची, तुझ्या अंगात आता त्या विषाचा कणही जाणार नाही. मैनाला आपण देऊ शकलो नाही ते याला देतोय. सोनोग्राफी झाली. पाठीचा कणा नीट, हृदय नीट, बोटं नीट. पडद्याकडे बघत नवरा म्हणाला, "नव्या गोळीला मानलं पाहिजे." धाकटीला हसू येत होतं. पुष्कळ दिवसांनी.

लाँड्रीत शिडीने विचारलं होतं, "गोळी घेतेयस ना गं?"

"घेते की."

"नाही, तुझ्या तोंडावर तेज आलंय, म्हणून विचारलं."

बाळ फिरू लागलं होतं. एका दुपारी दवाखान्याच्या चादरी आल्या होत्या. दोघी समोरासमोर उभ्या होत्या, चादर ताणलेली. धाकटीच्या तोंडात अचानक नाणं चघळल्यासारखी चव आली. फिट येण्याआधीची ती चव तिने लगेच ओळखली. इतक्या वर्षांनंतरही, उंबऱ्यावर उभा राहिलेला माणूस ओळखावा तशी. शिडीला हाक मारायची होती. ओठ हलले, आवाज आला नाही. शिडीला फक्त दिसलं की चादरीचं पलीकडचं टोक खाली गेलं.

पुढचं धाकटीला शिडीकडून कळलं, तेही तुकड्यातुकड्यांनी. पडताना ती कपड्यांच्या लोखंडी ट्रॉलीवर आदळली होती, पोटावर. शिडीने तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली चादर दिली, तोंडात काही घालायला आलेल्यांना हाकलून दिलं. "मला वाटलं थांबेल. तूच सांगितलं होतंस, थोड्या वेळाने थांबते. थांबत होती गं, आणि पुन्हा लागत होती. तू मध्ये डोळेच उघडत नव्हतीस." गाडी येईपर्यंत मशीन बंद करायचं कुणाला सुचलं नाही. रोलरमधून चादरी येत राहिल्या आणि जमिनीवर पडत राहिल्या.

शुद्ध आली तेव्हा हाताला सुई होती, जीभ सुजून तोंडभर झाली होती. तिने पोटावर हात ठेवला. पोट तिथेच होतं, पण हाताला ते परकं लागलं. नवरा खिडकीशी उभा होता. तो वळला नाही, त्यावरून तिला कळलं. मुलगा होता. त्याला जन्म द्यायचं काम अजून बाकी होतं, आणि ते दुसऱ्या दिवशी तिलाच करावं लागलं.

मेंदूची डॉक्टर खाटेपाशी येऊन बसली. तिचा आवाज चढा नव्हता. "रक्तात औषधाचा मागमूसही नाही," ती म्हणाली. "घेत नव्हता का?"

नवरा म्हणाला, "असं कसं? मी रोज देत होतो. माझ्यासमोर गिळायची ती."

डॉक्टरने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने छताकडे. नवरा एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला, आणि मग त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी निघून गेलं. डॉक्टर उठून गेली.

स्टूल ओढून बसत तो म्हणाला, "मोरीत?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"हो."

तो रागावेल, ओरडेल, निदान उठून जाईल असं तिला वाटलं. ते तिला सोसलं असतं. तो स्टुलावर बसून राहिला, दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवून. म्हणाला, "मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं, ते मी विचार करतोय. घे म्हणालो असतो की नको म्हणालो असतो. मलाच कळत नाही." मग म्हणाला, "घे म्हणालो असतो आणि हाही तसाच निघाला असता, तर?"

"तसाच असता तरी असता," ती म्हणाली. जिभेमुळे शब्द नीट फुटत नव्हते. त्याला ते कळलं की नाही कोण जाणे. त्याने पुन्हा विचारलं नाही.

घरी आल्यावर धाकटी नवी गोळी घेऊ लागली. आता स्वतःच्या हाताने, घड्याळ लावून. गोळी लागू पडली. फिट थांबल्या, झोप नीट येऊ लागली, डोकंही पूर्वीपेक्षा हलकं वाटायचं. औषधाने काम केलं, म्हणजे ते तेव्हाही केलं असतं, हे तिला रोज कळत होतं. कुठलंही मलम त्याच्यावर चालत नव्हतं.

लाँड्रीच्या मालकाने पगार चुकता केला आणि परत न यायला सांगितलं. वाईट माणूस नव्हता. "बाई, इथे रोलर आहे, उकळतं पाणी आहे. मी कुठे निस्तरत बसू?" शिडी दोनदा घरी आली. पहिल्यांदा बोलली, दुसऱ्यांदा नुसती बसली, आणि मग तिच्या उंच देहाला त्या घरात कुठे ठेवावं हे न कळल्यासारखी उठून गेली. नवरा लांबलांबची कामं घेऊ लागला. आठवडाभर बाहेर, मग दोन आठवडे. आला की मैनासाठी फुल्यांची पिशवी आणायचा, तिच्याशेजारी जमिनीवर आडवा होऊन तिच्या रांगा बघत राहायचा. धाकटीशी भांडण नव्हतं. "मीठ दे", "दार लावून घे", "बिल भरलं का" एवढं बोलणं होतं, आणि तेही सौम्य आवाजात. सासू एकदा त्याच्यावर तडकली, "अरे, बायकोशी बोल काहीतरी." तो म्हणाला, "काय बोलू, तू सांग."

एका सकाळी मैनाला सासूजवळ ठेवून धाकटी जुन्या डॉक्टरांकडे गेली. कशासाठी, ते तिचं तिलाही धड माहीत नव्हतं. ते अजून बसत होते. मिशा विरळ झाल्या होत्या. बाहेर तेवढीच गर्दी. नंबर लागल्यावर ती आत गेली. त्यांनी तिला ओळखलं नाही. जुना कागद पाहिला.

"फिट आली?"

"आली," धाकटी म्हणाली. "गोळी सोडली होती. पोटातलं मूल गेलं."

"अरेरे. मी तर चालू ठेवा असंच लिहिलंय." त्यांनी कागद तिच्याकडे वळवून दाखवला. "सोडायची नसते कधी."

"पहिल्या वेळेला चालू ठेवली होती. ती मुलगी बोलत नाही. तिला काही कळत नाही."

ते तिच्याकडे पाहत राहिले. तिला काय म्हणायचं आहे ते त्यांना उमगलं असावं, कारण चष्मा काढून त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि हात चष्म्यावरच राहू दिला. "तेव्हा," ते म्हणाले आणि थांबले. "तुम्हाला फिट येत नव्हत्या. मला तेवढंच दिसत होतं." बाहेरून कुणीतरी दार ढकलून डोकावलं. त्यांनी चष्मा लावला. धाकटी उठली. तिने खूप काही ठरवून आणलं होतं, आणि समोर एक थकलेला म्हातारा बसला होता, ज्याच्यावर ओरडून काहीही परत येणार नव्हतं.

बाहेरच्या बाकावर एक मुलगी आईशेजारी बसली होती. विशीतली असेल, केस नुकते कापलेले. तिच्या हातात तीच पट्टी होती, धाकटीची जुनी गोळी. मुलगी ती बोटांत फिरवत होती आणि आईला हसत हसत सांगत होती की लग्नानंतर गाव लांब पडेल, म्हणून आजच जास्त महिन्यांचं लिहून घेऊ.

धाकटी थबकली. मग तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"तुझं लग्न ठरलंय?"

मुलगी गोंधळली. "हो."

"ही गोळी घेत असताना मूल होऊ देऊ नकोस. बाळाला लागते ही. माझ्या मुलीला लागली. आत गेलीस की विचार त्यांना, दुसरी..."

"कोण हो तुम्ही?" मुलीची आई उठून उभी राहिली. "ओळख ना पाळख, काय वाट्टेल ते बोलताय. ऊठ गं, आपण नंतर येऊ." तिने मुलीचा दंड धरला आणि गर्दीतून वाट काढत बाहेर नेलं. जाताना मुलीने वळून पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

त्या चेहऱ्याकडे पाहताना धाकटीच्या लक्षात आलं. आपण अर्धंच बोललो. ही आता घरी जाईल आणि पट्टी केराच्या डब्यात टाकेल. ती धावत सुटली. जिना, फाटक, रस्ता. दोघी पलीकडे बसमध्ये चढत होत्या. "सोडू नकोस," धाकटी ओरडली. "आपल्या मनाने सोडू नकोस. डॉक्टरला विचार, बदलून घे, पण सोडू नकोस." रस्त्यावर गाड्या होत्या, बसचं इंजिन घरघरत होतं. खिडकीत मुलगी दिसली. ती इकडे बघत होती, पण काच बंद होती.

दोन माणसं थांबून धाकटीकडे पाहू लागली. एकाने विचारलं, "बरं वाटत नाही का?" ती फाटकापाशी येऊन उभी राहिली.

त्यानंतर ती कितीतरी वेळा त्या दवाखान्यापाशी गेली. बाकावरच्यांना विचारलं, औषध देणाऱ्याला विचारलं, कापलेल्या केसांची, लग्न ठरलेली एक मुलगी. पेशंटची माहिती देता येत नाही, असं त्याने सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. मुलगी पुन्हा दिसली नाही. ती दुसऱ्या डॉक्टरकडे गेली असेल आणि तिची गोळी बदलली असेल, असंही झालं असेल. धाकटीला हे पटवून द्यायचा प्रयत्न नवऱ्याने केला होता. पुष्कळ दिवसांनी तो तिच्याशी इतका बोलला. "तू तिला सावध केलंस. एवढं तरी झालं ना."

"सावध केलं की घाबरवलं?"

तो मैनाच्या बाजूला जमिनीवर आडवा झाला. मैना फुल्या लावत दारापर्यंत पोचली होती. तिथे जागा संपली, तेव्हा ती थांबली आणि दाराकडे तोंड करून बसून राहिली. धाकटीने उठून दार उघडावं, म्हणजे तिला पुढे लावता येईल, असं दोघांच्याही मनात आलं असेल. पण दाराबाहेर लगेच जिना होता.